आजारांचं झाड आणि हिराताईंची खुर्ची

माणसाला होऊ शकणाऱ्या सगळ्या आजारांची एक जगभर मान्य असलेली यादी असते, हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. ज्या दिवशी ठाऊक झालं त्या दिवशी मी इतकी हरखून गेले की रोह्याहून पेणला परतताना एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना ती यादी समजावत बसले. त्या नागोठण्याला उतरल्या. मला वाटतं, त्यांना पुढे जायचं होतं.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं होती ती. पेणला रामवाडीत माझा कम्प्युटर क्लास होता. तीन कम्प्युटर, एक करकरणारा प्रिंटर आणि दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी, एवढा पसारा. सकाळी शिकवायचं आणि दुपारी, जो मागेल त्याला, त्याच्या कामाचा प्रोग्रॅम लिहून द्यायचा. लोक विचारायचे, ‘मॅडम, हे मशीन नक्की काय करतं?’ मी म्हणायची, तुम्ही सांगाल ते. हे उत्तर ऐकायला छान होतं, पण त्यात एक मेख होती. सांगणाऱ्याला काय हवंय ते आधी मला कळायला हवं होतं.

हमरापूरच्या एका गणपती कारखान्याच्या मालकांना मी साच्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम करून दिला होता. मोठ्या हौसेने. आधी आसन निवडा, मग रंगसंगती, मग उंची. त्यांनी दोन दिवस वापरला आणि मला बोलावून अगदी मायेने सांगितलं की गिऱ्हाईक दारात आलं की पहिल्यांदा हाताने उंची दाखवतं, आणि तुमचा कम्प्युटर मात्र मला आसन विचारत बसतो. मी क्रम बदलून दिला आणि विसरून गेले. तेव्हाच शहाणी झाले असते तर पुढचे तीन महिने वाचले असते.

रोह्याला एक ट्रस्टचं रुग्णालय होतं. तिथले डॉ. मेहेंदळे माझ्या वडिलांचे विद्यार्थी. वडील पेणला गणित शिकवायचे, आणि त्यांच्या हातचा मार खाल्लेली माणसं जिल्हाभर मोठमोठ्या जागी बसली होती. डॉक्टरांनी मला बोलावलं आणि टेबलावर दोन जाडजूड ग्रंथ ठेवले. हीच ती यादी. सरळ वरून खाली वाचायची नव्हे बरं का. आधी मोठे विभाग: संसर्गाचे आजार, रक्ताचे, श्वसनाचे, त्वचेचे, इजा. प्रत्येक विभागात गट, गटात आजार, आजारात पोटप्रकार आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक. रुग्णाच्या केसपेपरवर तो क्रमांक पडला की वर्षाअखेरीस कुठल्या आजाराने किती माणसं आली ते मोजता येतं. डॉक्टरांना हे सगळं कम्प्युटरवर हवं होतं, म्हणजे कागद हातात घेतला की पडद्यावर नेमका आजार शोधायचा आणि क्रमांक टाकायचा.

आजार हजारो. पडद्यावर ओळी पंचवीस. मी घरी जाताना बसमध्ये हेच बोटांवर मोजत होते आणि मला गंमत वाटत होती. एवढा मोठा डोलारा एवढ्याशा काचेत कसा दाखवायचा, हा प्रश्न तोवर मला कोणी विचारलाच नव्हता.

पण त्या पडद्यासमोर बसणार कोण? तर हिराताई. रेकॉर्ड रूमच्या हिराताई म्हात्रे. खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातल्या, सातवी शिकलेल्या, पंचेचाळिशीच्या. पंधरा वर्षं त्या रुग्णालयाचे सगळे केसपेपर सांभाळत होत्या. डॉक्टरांचं इंग्रजी अक्षर वाचता येणारी रुग्णालयातली ती एकमेव व्यक्ती, औषधांच्या दुकानदारासकट. पहिल्या दिवशी मी आत गेले तर त्यांनी मला खालून वर बघून विचारलं, “कोनाची गो तू?” मी कम्प्युटर म्हणाले, प्रोग्रॅम म्हणाले, डॉक्टरांनी बोलावलंय म्हणाले. यातल्या कशानेही त्यांचं समाधान झालं नाही. पेणच्या गणिताच्या मास्तरांची मुलगी, असं म्हटल्यावर मात्र त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

मग डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन खरी अडचण सांगितली. ट्रस्टच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं की कम्प्युटर येणार तर तो चालवायला मुंबईहून शिकलेला ऑपरेटर आणावा आणि हिराताईंना चादरी-टॉवेलच्या कोठारात बसवावं. डॉक्टरांनी मुदत मागून घेतली होती. गणपतीनंतर विश्वस्तांची बैठक होती. त्या बैठकीत हिराताईंनी सगळ्यांसमोर दहा केसपेपर स्वतः कम्प्युटरवर चढवून दाखवायचे. जमलं तर त्यांची खुर्ची त्यांच्याकडे. नाही जमलं तर कोठार. हिराताईंना हे माहीत होतं. पहिल्या दिवसापासूनच त्यांनी एक दोनशे पानी वही आणून ठेवली आणि मी जे जे सांगेन ते त्यात उतरवून घ्यायला लागल्या.

मी कामाला लागले ती अंगात वारं भरल्यासारखी. पहिली पद्धत सगळ्यात सोपी. पडद्यावर आधी फक्त विभाग दाखवायचे. एक निवडला की ते पुसून त्यातले गट, गट निवडला की तेही पुसून त्यातले आजार. करून बघितलं. तीन पायऱ्या उतरल्यावर मलाच आठवेना की मी कुठल्या विभागातून खाली आले. परत वर, परत खाली. विहिरीत डोकावून बादली शोधण्यातला प्रकार. रद्द.

दुसरी पद्धत चौकटींची. पडद्याचा सगळा चौकोन म्हणजे सगळे आजार. त्यात विभागांच्या लहानमोठ्या चौकटी, त्यांच्या पोटात गटांच्या चौकटी, प्रत्येकीला वेगळा रंग. त्यासाठी मी ओळखीने एक रंगीत मॉनिटर मिळवला. सुरेख दिसायचं. क्लासमधली मुलं तासन्‌तास बघत उभी राहायची. एकच उणीव होती. चौकटीत आजाराचं नाव लिहायला जागा उरत नसे.

तिसरी पद्धत म्हणजे माझं लाडकं झाड. डावीकडे विभाग, त्याची फांदी उघडली की जरा आत सरकून गट, त्याची फांदी उघडली की आणखी आत आजार. बंद फांदीपुढे अधिकचं चिन्ह, म्हणजे आत आणखी काही आहे. उघडली की वजाचं. वरचं पुसलं जात नाही, खालचं हवं तेवढंच दिसतं. ज्या दिवशी ते झाड पडद्यावर पहिल्यांदा उघडलं त्या दिवशी मी एकटीच क्लासमध्ये टाळ्या वाजवल्या. देवनागरी अक्षरं दाखवणारं एक कार्ड तेव्हा नवीन निघालं होतं. ते बसवून मी सगळं झाड मराठीत केलं. मला खात्री होती की आता यात काही बदलायचं उरलेलं नाही.

हिराताईंनी पन्नास जुने केसपेपर घेऊन झाडावर सराव केला. मी निकाल छापून घेतला आणि गार पडले. पन्नासातले एकतीस रुग्ण ‘इतर’मध्ये गेले होते. मिठागरात पाय चिरलेला माणूस इतर. नायट्याची बाई इतर. विंचू चावलेली मुलगी, तीसुद्धा इतर. मी त्यांना शेजारी बसवून पुन्हा करायला लावलं. त्या खाली खाली येत, विभागामागून विभाग ओलांडत, ‘इतर’पाशी थांबत. मी विचारलं, त्वचेचा विभाग उघडला का नाही? त्या शांतपणे म्हणाल्या, “त्याच्यापुढं दवाखान्याची फुली हाय ना. ही मानसं तर अ‍ॅडमिट नव्हती.”

पंधरा वर्षं रुग्णालयात काढलेल्या बाईला ते चिन्ह बघून दुसरं काय आठवणार होतं? ज्या आजाराला अ‍ॅडमिट व्हावं लागतं त्याच्यापुढे फुली, असा त्यांनी सरळ अर्थ लावला होता, आणि ओपीडीचे सगळे रुग्ण इमानेइतबारे फुली नसलेल्या ओळीत नेऊन बसवले होते. आज मला त्यांच्या त्या तर्काचं कौतुक वाटतं. तेव्हा मला राग आला. मी चिन्ह बदलून बाण केला तरी त्या बिचकतच राहिल्या, कारण विंचू चावणं हे ‘इजा’मध्ये की ‘विषबाधा’मध्ये, हे मुळात त्यांना कसं कळावं? बैठक तीन आठवड्यांवर आली होती. मी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन म्हणाले की प्रोग्रॅम उत्तम आहे, पण या बाईंना नाही जमायचं. मागे वळले तर दारात हिराताई, हातात डॉक्टरांनी मागवलेले केसपेपर. त्यांनी ते टेबलावर ठेवले आणि निघून गेल्या. त्या क्षणाची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायला नको वाटत होतं, पण गेले. रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर एक म्हातारी उभी होती. जुना केसपेपर हवा होता, आणि तिच्याजवळ ना चिठ्ठी ना नंबर. हिराताईंनी तिला तालुका विचारला नाही, गावही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “कोनाची गो तू? नदीकडच्या आलीतली का देवलामागची?” म्हातारीने आपल्या घराण्याचं नाव सांगितलं आणि म्हणाली, देवळामागची. हिराताई उठल्या, मांडणीतल्या एका गठ्ठ्यावर हात ठेवला, आणि गठ्ठा सोडता सोडताच म्हणाल्या, म्हणजे तू त्या पाय मोडलेल्या पांडूची शेजारीण. केसपेपर अर्ध्या मिनिटात बाहेर.

मी स्टुलावरून उठलेच. पंधरा वर्षांचे कागद त्यांनी गावागावांचे गठ्ठे करून ठेवले होते. गावात आळी, आळीत घरं. म्हणजे हेही झाडच होतं, माझ्या झाडाइतकंच खोल! पण त्या त्यात वरून शिरतच नव्हत्या. त्या घरापासून सुरुवात करत, शेजारी बघत, आणि गाव आपोआप हाती येई. आपण पाकिटावर पत्ता तरी कसा लिहितो? आधी माणूस, मग घर, मग गाव, तालुका, जिल्हा. माझा प्रोग्रॅम मात्र दारात आलेल्या माणसाला पहिल्यांदा जिल्हा विचारत होता. समोरच्या माणसाला खाज सुटलीय, दम लागतोय, विंचू चावलाय. त्याला विभाग माहीत नसतो आणि तो माहीत असण्याची गरजही नसते.

पेणला जाणारी एसटी लागली होती. मी ती सोडली, हिराताईंच्या दोनशे पानी वहीचं शेवटचं पान मागून घेतलं आणि तिथेच पडदा आखला. मधोमध ठळक अक्षरांत एकच आजार. त्याच्या वर आणि खाली त्याच गटातले त्याचे भाऊबंद. उजव्या हाताला शेजारचे गट, नुसती नावं, बाण दाबला की तिकडे जायचं. आणि तळाला त्या आजाराचा पत्ता, लहानाकडून मोठ्याकडे: आजार, गट, विभाग. सुरुवात मात्र टाइप केलेल्या एका शब्दापासून. इंग्रजी चालेल, मराठी चालेल, गावातला चालेल.

आखून झाल्यावर मी हिराताईंची माफी मागितली. काल मी डॉक्टरांकडे बोलले ते चुकलं, म्हणाले. त्यांनी चष्मा वर केला. “काल ते खरंच होतं. मला जमतच नव्हतं. आता हे काय काढलंस ते सांग.”

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे. मी पेणला बसून प्रोग्रॅम लिहायची, एक दिवसाआड फ्लॉपी घेऊन रोह्याला जायची. हिराताई गावातले शब्द पुरवायच्या. आकडी, चिरा, भोवळ, गालगुंड, उसण, धाप. प्रत्येक शब्द ग्रंथात कुठे बसतो ते डॉक्टर सांगायचे, मी जोडून द्यायची. शब्दांचा आकडा वाढायला लागला तशी आम्हा दोघींना नशाच चढली. एकदा मी बसमधून उतरताना कंडक्टर पाठीला चमक भरली म्हणून कण्हत होता, आणि मी पहिल्यांदा विचार केला तो असा, की ‘चमक’ हा शब्द आपण घातलाय का? घातला नव्हता. हिराताईंना सांगितलं तर त्या मला हसल्या आणि स्वतःच्या वहीत आधीच लिहून ठेवलेला तो शब्द दाखवला.

बैठकीच्या दिवशी रेकॉर्ड रूममध्ये पाच विश्वस्त, अध्यक्ष, डॉक्टर आणि आम्ही दोघी. हिराताई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. डॉक्टरांनी गेल्या आठवड्यातले दहा केसपेपर गठ्ठ्यातून हवे तसे काढून दिले. पहिला कावीळ. शब्द टाइप, आजार मधोमध, पत्ता तळाला, क्रमांक नोंद. दुसरा, तिसरा, चौथा. अध्यक्ष घड्याळ बघत होते, मग बघायचे थांबले. पाचवा झाला तेव्हा एक विश्वस्त चांगलं आहे असं म्हणाले. मला उडी मारावीशी वाटत होती.

सहाव्या कागदावर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने निदान लिहिलं होतं: दमा. हिराताईंनी टाइप केलं. पडद्यावर दमा आला, वर-खाली त्याचे भाऊबंद, उजवीकडे शेजारचे गट. फक्त नोंदीचं बटण दाबायचं होतं. त्यांनी दाबलं नाही. उजवीकडे बाण नेला, एका गटात शिरल्या, थांबल्या. परत दम्यावर आल्या. पुन्हा तिकडे गेल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाखालून हिराताईंचा पाय दाबला, कारण मला वाटलं त्या गोंधळल्या.

त्या गोंधळल्या नव्हत्या. “डॉक्टरसाहेब,” त्या म्हणाल्या, “हा मानूस हितं बसत नाय.”

डॉक्टर हसून म्हणाले की निदान तर दम्याचंच लिहिलंय, तुम्ही दम्याचा क्रमांक टाका आणि पुढे चला.

“नंबर दिसतोय साहेब. पन हा शेजारचा गट बघा. बाहेरच्या पदार्थांनी फुप्फुसाला होनारे. त्याच्यात हे रासायनिक वाफेचं लिवलंय. हा मानूस कंपनीत ड्रम भरायला असतो. सुट्टी असली का याला दम नाय लागत. शिफ्टला गेला का लागतो. माझ्या खिडकीशी बसून सांगत होता.”

ज्या डॉक्टरांनी त्यांच्यासाठी मुदत मागून घेतली होती, त्यांचंच निदान हिराताई विश्वस्तांसमोर चुकीचं ठरवत होत्या. एक बटण दाबलं असतं तर खुर्ची त्यांची होती, आणि आता ती गेली, असंच मला वाटलं. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. हे त्याने मला का सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं.

उत्तर हिराताईंनी दिलं. “तुमच्याकडं गर्दी होती साहेब. माझ्याकडं तो अर्धा तास बसलेला. आनि असे आजून तिघं हायत. येगवेगल्या गावांचे, म्हून माझ्या गठ्ठ्यांत कधी एकत्र आले नाय. आज हे समोर बघून आठवले.”

त्यांनी उठून, वेगवेगळ्या मांडण्यांतून, तीन केसपेपर काढून आणले. तिन्हींवर व्यवसायाच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात एकाच कंपनीचं नाव होतं, आणि निदानाच्या रकान्यात डॉक्टरांच्या अक्षरात दमा. डॉक्टरांनी चारही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ वाचले. मग खिशातलं पेन काढून सहाव्या कागदावरच्या दम्यापुढे प्रश्नचिन्ह केलं आणि खाली लिहिलं: पुन्हा बोलावणे. बाकीच्या तिघांवरही तेच लिहिलं.

पुढे चौघांना निरोप गेले. तिघे आले. डॉक्टरांनी त्यांना नीट तपासलं, त्यांचा दिवस कसा जातो ते बसून विचारलं आणि कंपनीला स्वतः पत्र लिहून तिघांची त्या विभागातून बदली करवली. चौथा काम सोडून कुठे गेला होता ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याचा केसपेपर दोन वर्षं त्याच जागी होता, ‘पुन्हा बोलावणे’च्या खाली एकही शब्द न वाढता, आणि तो दिसला की मला माझ्या लाडक्या झाडात वाया गेलेले आठवडे आठवायचे.

नंतर मी बँकांचं काम केलं, सरकारी कचेऱ्यांचं केलं, मोठे रंगीत पडदे आले, माऊस आला, झाडं आपोआप उघडमीट करू लागली. लोक मला त्यातली तज्ज्ञ म्हणू लागले. कुठलाही पडदा आखायच्या आधी मी तो वापरणाऱ्या माणसाच्या खोलीत दोन दिवस नुसती बसते, हे माझं सगळं तज्ज्ञपण. त्याचे पैसे लावायला मला अजून जड जातं.

त्या बैठकीत सगळ्यात आधी भानावर आले ते अध्यक्ष. त्यांनी हिराताईंना विचारलं की डॉक्टरांना जे दिसलं नाही ते तुम्हाला कसं कळलं.

“मला काय कललं नाय साहेब,” हिराताई म्हणाल्या. “शेजारी दिसला, म्हून इचारलं.”

अध्यक्षांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले की मुंबईला ऑपरेटरसाठी पत्र पाठवायचं नाही. अध्यक्षांनी मान हलवली, सगळे उठले, कोणीतरी चहा सांगितला आणि मंडळी बोलत बोलत बाहेर पडली. मी आनंदाने हिराताईंचा हात धरला, चला म्हणाले. त्यांनी तो सोडवून घेतला, चष्मा पुसला, आणि कोणी बघत नसताना राहिलेले चार केसपेपर पुरे करूनच त्या खुर्चीवरून उठल्या.